सुमनला कुणी हाक मारली नाही

"सुनील गेला. काविळीनं..." महाळुंगे पडवळहून त्याच्या भावाचा फोन आला तेव्हा मी मूर्खासारखं विचारलं, "कोण सुनील?" माझ्या मनात ती सुमन होती. आणि हे जगात मला एकट्यालाच ठाऊक आहे, असा माझा दहा वर्षांचा समज.

जुन्नरच्या बाजारात माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान, शेजारी तिचा एसटीडी बूथ. गिऱ्हाईक गेलं की रिसीव्हर पुसायची, हात कोपरापर्यंत धुवायची. कातडी सोलवटली तरी थांबेना. एका दुपारी म्हणाली, "रफिकभाई, मी आतून बाई हाये. माझं नाव सुमन." आणि लगेच घामाघूम. "कुणाला सांगणार न्हाई ना?" मी "नाही" म्हणालो, पण तेवढ्यात ट्रकचा हॉर्न वाजला, म्हणून पुन्हा म्हणायला लावलं. पुढं रोज शटर ओढताना हाच प्रश्न आणि माझं तीनदा "नाही". मी वैतागायचो, "डोकं नको खाऊस!" मग ती पुन्हा नळाखाली.

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंकडे मीच नेलं. त्या म्हणाल्या, "धुण्याला गोळ्या आहेत. मन बाईचं असणं हा आजार नाही." गोळ्यांनी धुणं निम्म्यावर आलं. आणि मी, अक्कलशून्य माणूस, विचारून बसलो, "मग ते दुसरंही जरा कमी झालं का?" आठवडाभर बोलली नाही माझ्याशी. अजून लाज वाटते.

दहाव्याला नदीकाठी पिंडाला कावळा शिवेना. भाऊ म्हणाला, "आईला सांभाळीन." मामा म्हणाले, "घर पुरं करू." छे! काय म्हणायला हवं ते मला ठाऊक होतं. बोललो तर दिलेला शब्द मोडतो, नाही बोललो तर ती उपाशी... इतक्यात तिची आई पुढं झाली. "सुमे, जेव गं लेकी."

कावळा आला की नाही, मी पाहिलंच नाही.

घरी गेल्यावर तिच्या खोलीत मी आईंना विचारलं, "तुम्हाला कधीपासून ठाऊक?"

"बूथ टाकायच्या आधीपास्नं. आरशापुढं सोताला हाक मारायची."

"मग बोलला का नाहीत?"

"मला कळलंय म्हनल्यावर आनखी हात सोलले असते तिनं. लई भ्या वाटायचं, भाऊ. तुमी तर हाक मारत असाल ना तिला?"

"कधीच नाही. कुणी ऐकेल म्हणून..."

आईंनी खोलीचं दार सताड उघडलं. "आता मारा."

मी आधी बाहेर डोकावून पाहिलं, कुणी ऐकत नाही ना. एकदा, दोनदा, तीनदा... मग मारली.