मुक्या डब्यातला हर्रास

बाबांचा आवाज माझ्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये होता, आणि दसऱ्यानंतर तो कॉम्प्युटर मुका झाला. बाबा त्याआधीच मुके झाले होते.

पोळ्यानंतर एका सकाळी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात पुढे थोडाथोडा हलायला लागला, पण वाचा गेली ती गेलीच. उभं आयुष्य रिसोडच्या धान्यबाजारात हर्रास बोलणाऱ्या माणसाला पाणी मागता येईना. हर्रास म्हणजे शेतमालाचा लिलाव. सोयाबीनच्या ढिगामागून ढीग, भोवती व्यापाऱ्यांचा घोळका, आणि मधोमध बाबा भाव चढवत नेणारे. त्या बोलण्याला एक ठेका होता. पत्र्याच्या शेडखाली तो घुमायचा, वरची कबुतरं उडायची. लहानपणी मला वाटायचं की भाव बाबाच ठरवतात आणि व्यापारी फक्त माना हलवतात.

अकोल्याला वाचेचे उपचार करणाऱ्या बाई होत्या. त्या म्हणाल्या, "तोंडात बसलेले बोल आधी परत येतात. त्यांना त्यांचाच आवाज रोज ऐकवा. सुरुवातीचे महिने मोलाचे असतात, ते घालवू नका."

तो आवाज माझ्याकडे होता. एका हंगामात मी सहज म्हणून बाजारात माइक धरला होता आणि बाबांचा अख्खा हर्रास कॉम्प्युटरमध्ये ठेवला होता. मी टायपिंग शिकवायचो तो क्लास बंद पडला, तेव्हा हे यंत्र माझ्या वाट्याला आलं. त्यात यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर लिनक्स, फुकटातलं, आणि इतकं जुनं की ज्यांनी केलं त्यांनीही त्याचा नाद सोडलेला. एका पावसाळ्यात वीज कडाडली, तेव्हा पेनड्राइव्हच्या खाचा आणि नेटची जागा दोन्ही जळाल्या. म्हणजे बाबांचा आवाज बाहेर यायचा तर स्पीकरमधूनच.

पहिल्यांदा लावला तेव्हा दुपार होती. बाहेर सगळीकडे सोयाबीन काढणं चाललेलं, हवेत त्याचा धुरळा, आणि खिडकीतून आत येणारं ऊन पिवळं, जाडसर. बाबा बाजेवर पडून होते. हर्रास सुरू झाला आणि त्यांनी मान वळवली. कोण बोलतंय ते आधी त्यांना कळलं नसावं. मग ओठ हलायला लागले, ठेक्यात, अगदी बरोबर जागी. आवाज नव्हता, नुसते ओठ. आई कणकेचे हात तसेच घेऊन उंबऱ्यात बसली.

"बोलतीन," ती म्हणाली. "पाहशीन तू."

मोबाइलवर उतरवून घ्यायचं मी उद्यावर टाकलं. उद्या दसरा होता. दसऱ्याला हत्यारं, अवजारं, यंत्रं सगळ्यांची पूजा होते आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावत नाहीत. त्यामुळे कॉम्प्युटरही हार घालून निवांत बसला. दुसऱ्या दिवशी बाबांना उशाशी लोड देऊन बसवलं, फाइल लावली, आणि काहीच ऐकू आलं नाही.

पडद्यावर सगळं ठीक होतं. आवाजाची निळी रेघ वर-खाली होत पुढे सरकत होती. घरात फक्त पंख्याची घरघर.

मी स्पीकरची वायर काढून घातली. स्पीकर मोबाइलला जोडून पाहिले तर ठणठणीत. मग ती काळी खिडकी उघडली, जिच्यात आज्ञा टाइप कराव्या लागतात. आवाजाचे उभे खांब दिसतात तिथे. कुठला खांब मुका असेल तर त्याच्या पायाशी खूण असते. एकही मुका नव्हता. म्हटलं, कमी पडत असेल, आणि होते नव्हते तेवढे सगळे खांब छताला टेकवले. आवाज हाकणारा प्रोग्राम मारला, परत जिवंत केला. काही नाही. नेटची जागा जळालेली, म्हणून नवं सॉफ्टवेअर उतरवून घ्यायची तर सोयच नव्हती.

मोबाइलवर शोधलं तर जगभर माझे भाऊबंद निघाले. हेच यंत्र, हेच दुखणं. एकाने तर माझंच गाऱ्हाणं शब्दाला शब्द मांडलं होतं, आणि खाली स्वतःच लिहिलं होतं, 'सुटला प्रश्न, धन्यवाद.' कसा सुटला ते नाही! असल्या माणसाला एखाद्या आडगावच्या स्टेशनवर भर उन्हात बसवून ठेवावं आणि गाडी कधी येणार ते सांगू नये.

दिवस जात होते. पण एक गोष्ट मला अजून नीट सांगता येत नाही. आवाज नसतानाही मी रोज दुपारी ती फाइल लावायचो. बाबा पडद्याकडे बघत राहायचे. निळी रेघ उसळली की मला कळायचं, आता भाव चढला. बसली की कळायचं, आता व्यापारी गप्प, बाबा ढिगातून मूठभर दाणे उचलून दाखवताहेत. पिवळ्या उन्हात धुरळा तरंगायचा आणि मला शेडमधली कबुतरं ऐकू यायची, खरोखर ऐकू यायची. बाबांनाही येत असणार. आम्ही दोघं तसे बसून राहायचो, न बोलता, बाजारात. इतकं बरं वाटायचं की भीती वाटायची. कारण बाबांचे ओठ हलणं आता थांबलं होतं. ते या शांततेत रमायला लागले होते, आणि मीही.

आईला ते दिसत होतं. "काहून नाही बोलून राह्यला बाप्पा तो डबा?" ती एका दुपारी म्हणाली. "तू नुसता पाहत बसतं."

मला राग आला. राग आला की मला काम सुचतं. फाइल चालू ठेवूनच मी आवाजाच्या सेटिंगची सगळी पानं परत उघडली. एका कोपऱ्यात, मी आजवर वाचूनही न वाचलेलं, लिहिलं होतं: हेडफोन. मी ते बदलून स्पीकर केलं. ते उडी मारून परत हेडफोनवर गेलं. परत बदललं, परत तेच. आमच्या घरात हेडफोन नाही, कधी नव्हता. "कुठाय बे तुझा हेडफोन?" असं मी त्या यंत्राला मोठ्याने विचारलं.

मग वाकून पाहिलं. डब्याच्या तोंडावर, पुढच्या बाजूला, हेडफोनचं बारकं भोक असतं. मोबाइलचा उजेड आत पाडला. आत लाल काहीतरी चिकटलेलं होतं. तांदळाचा दाणा, कुंकवाने माखलेला. तो आत दाबून बसला होता, आणि यंत्र बिचारं समजत होतं की कुणीतरी हेडफोन खुपसलाय, म्हणून स्पीकर बंद.

"आई!"

आई आली, वाकली. "अक्षद हाय ते," ती शांतपणे म्हणाली. "दसऱ्याले वाहली म्या. उभ्या डब्यावर ठरेच ना, खाली पडून राह्यली होती. पायाखाली येईन म्हून मंग भोकात बसवली." मग म्हणाली, "तुह्या बाबाचा आवाज हाय न त्याच्यात."

काखेत कळसा म्हणतात तो हाच. पण तिने देवाकडे जे मागितलं तेच मी मागत होतो.

मी पिन घेतली आणि दाणा हळूच उकरला. तो निघाला, आणि घर दणाणलं. सगळे खांब छताला टेकलेले, फाइल चालूच. बाबांचा हर्रास भिंतींवर आदळला, खिडकीची काच थरथरली, आईने कानांवर हात ठेवले. बाबा दचकून लोडावरून अर्धे उठले. तोंड वेडंवाकडं झालं, गळ्याच्या शिरा ताणल्या.

"क... कमी," ते म्हणाले. मग जोर लावून, "कमी कर!"

माझा हात माउसवर होता. तो हललाच नाही.

"कमी कर ना रे बाबू," आई ओरडली, "ते म्हणून राह्यले ना!" आणि आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं.

मी रडत होतो, आणि आवाज कमी करत नव्हतो. मला ते पुन्हा ऐकायचं होतं. बाबांनी रागाने माझ्याकडे पाहिलं, डाव्या हाताने बाजेच्या काठावर थाप मारली आणि पुन्हा म्हणाले, "कमी कर."