शेवटची पाचर

अण्णाने माझ्या दाराची बेल कधी वाजवली नाही. तो चौकटीवर बोटांच्या पेरांनी दोनदा ठोकायचा आणि मी "आले रे, थांब" म्हणत दार उघडेपर्यंत तिथेच कान लावून उभा राहायचा. "बिल्डरने तुला फसवलंय गं. हे सागवान नाही, सागवानाचं सोंग आहे." कोरमंगलात फ्लॅट घेतल्यापासून हे एकच वाक्य मी ऐकत आले. त्या दिवशी मात्र बेल वाजली. दारात त्याच्या ऑफिसातली मुलगी. हातातल्या छत्रीतून पाणी गळत होतं आणि ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली... मला तेव्हाच कळलं. साइटवर जायला म्हणून अण्णा गाडीत बसला आणि बसल्याजागी गेला. सकाळी दोन डोसे जास्त खाल्ले म्हणून वहिनीची बोलणी खाऊन निघालेला माणूस!

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, आर्किटेक्ट. आमचं घराणं बेंगळुरात इतक्या पिढ्यांचं की आमची मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे गालातल्या गालात हसतात. "स्वल्प थांब", "सरी, चल" असं कानडी मिसळून आम्ही बोलतो. अण्णाला त्याची लाज नव्हती. "लाकूड काय आणि भाषा काय, जिथे वाढली तिथलं पाणी पिणारच," असं तो पाहुण्यांना तोंडावर सांगायचा. इलेक्ट्रॉनिक सिटीत त्याने वर्षानुवर्षं काचेच्या इमारती उभ्या केल्या, पैसा मिळवला आणि एक दिवस जेवता जेवता म्हणाला, "मी आयुष्यभर उन्हात भट्ट्या बांधल्या आणि आत एसी लावला. पुरे झालं." आई गेल्यावर बोलला नव्हता इतक्या कळवळून बोलला तो. मग शहराबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी, दमल्याभागल्या लोकांसाठी आरोग्यनिवास बांधायचं काम आलं आणि अण्णा त्यात बुडालाच.

तिथे त्याने सगळ्या झोपड्या लाकडाच्या केल्या. कॉफीच्या मळ्यात सावलीसाठी लावलेले सिल्व्हर ओक, शहरात पाडलेल्या जुन्या बंगल्यांच्या तुळया, असलं लाकूड तो हुडकून आणायचा. जागेवरचं एक झाड तोडू दिलं नाही. एका फणसासाठी अख्ख्या ओसरीला वळण दिलं, आरोग्यनिवासाच्या मालकीणबाई कपाळाला हात लावून बघत राहिल्या. जमिनीत सिमेंट नाही, खांब दगडावर उभे. "उद्या हे सगळं सोडवून नेलं तर जमिनीला कळताही कामा नये," म्हणायचा. तेव्हा मला हे फार आवडलं होतं. आता ते वाक्य मला सहन होत नाही. असं कसं कळता कामा नये? कळतं की!

त्याच्या सांध्यांत लोखंड नसायचं. तुळईचं टोक खांबातून आरपार काढायचं आणि त्यात लाकडाची पाचर बसवायची. पण ती लगेच पुरी ठोकायची नाही. लाकडाला एक पावसाळा फुगू द्यायचं, मग सुकू द्यायचं आणि ते निवलं की मगच शेवटपर्यंत मारायची. प्रत्येक झोपडीची शेवटची पाचर अण्णा स्वतः मारायचा, त्याच्या मोगरीने, म्हणजे लाकडी हातोड्याने. तोवर ती झोपडी कुरकुरत राहायची. शेवटच्या भेटीत त्याने मला तिथे नेलं, ऊन उतरत होतं, लाकूड गार होता होता टकटक वाजत होतं आणि हा खांबाला कान लावून उभा. मी म्हटलं, "भिंतींना कान असतात ऐकलं होतं. खांबाला कान लावणारा तूच पहिला." "गप गं. ती तक्रार करतेय, ऐकू दे," तो म्हणाला. "घर गप्प झालं ना, की समजायचं, आता त्याला आपली गरज नाही." मग सगळ्यात टोकाची झोपडी दाखवली. तिची एकच पाचर बाहेर डोकावत होती. "पाऊस उघडला की ये. तुझ्यासमोर मारतो."

पाऊस उघडला. त्याचं सामान आणायला मी गेले आणि त्या टोकाच्या झोपडीत टेकले. वारा सुटला तशी फळी वाजली. मग पुढची, मग तिच्या पुढची. कुणी डावा पाय किंचित ओढत चालावं तशी... अण्णा तसाच चालायचा. अंगावर सर्रकन काटा आला. सांधा सैल आहे, वाऱ्याने हलतोय, एवढं मला कळत नव्हतं का? कळत होतं. तरी मी मोठ्याने म्हटलं, "चहा घेणार का रे?" त्यानंतर दर रविवारी जात राहिले. घरी कुणाला सांगितलं नाही. वेड लागलं म्हणाले असते, आणि खोटं तरी काय होतं?

मग मालकीणबाईंचा फोन आला. "पाहुणे यायचेत, अक्का. झोपडी डुलतेय आणि शिवण्णा पाचरीला हात लावत नाही. आम्ही स्टीलचा बोल्ट घालून घेऊ का?" शिवण्णा म्हणजे अण्णाचा सुतार. त्याचं म्हणणं, ज्याने बसवली त्यानेच मारायची, तो नसेल तर त्याच्या घरच्या माणसाने. वहिनी म्हणाल्या, माझ्याच्याने होणार नाही, तुम्ही जा. बोल्ट! अण्णाच्या घरात! मी फोनवरच भडकले. पण फोन ठेवला आणि चपला घालता घालता थांबले. बोल्ट घातला तर अण्णाचं काम बाटणार. पाचर मारली तर त्याचं चालणं थांबणार, आणि तेही माझ्याच हाताने.

गेले. संध्याकाळच होती. फळ्या वाजत होत्या, तो येरझाऱ्या घालत होता. शिवण्णाने मोगरी पुढे केली. दांड्याला अजून जवसाच्या तेलाचा वास होता. "सावकाश, अक्का," तो कानडीत म्हणाला, "दोनच ठोके. जास्त नकोत." मी डोळे मिटले आणि मारले.

टक. टक.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आले रे, थांब!"

शिवण्णाने मान खाली घातली. पाचर पुरी बसली होती. वारा होता तसाच होता, पण फळ्या गप्प झाल्या. मी खांबाला कान लावला, अंधारून येईपर्यंत लावून ठेवला. काही नाही. "छान बसली," शिवण्णा म्हणाला. मला त्याचा इतका राग आला की मी त्याचा निरोपही घेतला नाही.

मोगरी मी घरी आणली. दाराच्या आत, चपलांच्या मांडणीशेजारी उभी करून ठेवते. येता-जाता कुणाचा पाय लागतो आणि ती चौकटीवर आपटते. धाकटी म्हणते, "आई, ती माळ्यावर टाक ना." टाकीन, म्हणते मी. आपटली की मी हातातलं काम सोडून उठते, दार उघडते, बाहेर कुणी नसतं, आणि चौकटीला हात लावून परत आत येते.