सासऱ्यांना वाटलेले एक्के

जादूगारांना लागणारे प्लास्टिकचे पत्ते तो घरीच तयार करून द्यायचा, म्हणून सगळे त्याला पत्तेवाला म्हणत. कागदी पत्ते चार प्रयोगांत मऊ पडतात. प्लास्टिकचे वर्षानुवर्षं टिकतात, मळले तर पुसता येतात, पण त्यांच्यावर काम करणं म्हणजे डोकेफोड. पातं घसरतं, शाई बसत नाही. हा खिडकीशी बसून कुणाला दोन पानं एकमेकांना धरून राहतील अशी खरखरीत करून द्यायचा, कुणाला पाठीवरच्या नक्षीत बारीकशी खूण घालून द्यायचा. नियम एकच. गिऱ्हाइकाने आधी जादू करून दाखवायची. जुगाऱ्याला तो दारात उभं करत नसे. "आपण गंमत विकतो, फसवणूक नाही," हे बायकोला त्याने इतक्यांदा ऐकवलं होतं की त्याने तोंड उघडायच्या आधीच ती मान डोलवायची.

असा हा तत्त्वाचा माणूस घसरला तो घरातच. सासऱ्यांचा उजवा हात अर्धांगवायूने गेला आणि लेकीने त्यांना आपल्याकडे आणलं. एके काळी पत्त्यांत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आता ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत, जेवण आलं तसं परत जाई. जावयाने हौसेने डाव मांडला, तर पहिल्याच डावात हरले आणि पानं फेकून पुन्हा भिंतीकडे वळले.

मग याने खास त्यांच्यासाठी एक जोड केला. एक्के आणि राजे होते तसेच ठेवले, बाकीची पानं केसभर अरुंद केली. पिसताना दोन्ही कडा चिमटीत धरून ओढल्या की मोठी पानं अलगद हातात यायची, आणि वाटायचं काम त्याच्याकडेच असल्यामुळे ती थेट सासऱ्यांकडे जायची. बायकोला हे कळलं होतं. ती काही बोलली नाही, आणि त्याने त्यालाच परवानगी मानलं.

म्हातारा जिंकू लागला आणि जेवूही लागला. डाव्या हाताने दाढी करायला शिकला. "जावईबापू, तुमची जादू आमच्या डोक्यापुढे फिकी आहे," असं चिडवू लागला. याला कोण आनंद व्हायचा. माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवताना त्याला उतरवायचं कसं, हे मात्र याने ठरवलं नव्हतं.

एका रविवारी सासऱ्यांनी आपल्या जुन्या जोडीदारांना, एका निवृत्त पोस्टमनला आणि एका शिंप्याला, खेळायला बोलावलं. "माझा खेळ परत आलाय, या आणि बघा," असा निरोप होता. जावयाने साधा जोड काढून ठेवला होता. पण इस्त्रीचा सदरा घालून, भांग पाडून बसलेले सासरे पाहिले आणि त्याने खास केलेला तोच जोड उचलला. आजच्या दिवस, असं त्याने मनाला सांगितलं.

पानं जावईच वाटत होता, आणि सासरे डावामागून डाव जिंकत गेले. तेवढ्यात पोस्टमनच्या कोपराने चहाचा कप कलंडला. "असू दे, प्लास्टिकचेच आहेत," म्हणत त्यांनी गठ्ठा टॉवेलात धरला आणि दोन्ही बाजूंनी दाबून खसकन पुसला. टॉवेलाबरोबर काही पानं बाहेर आली. एक्के आणि राजे. त्यांनी ती परत घुसवली, पुन्हा ओढलं. पुन्हा तीच आली.

"काय रे," पोस्टमन सासऱ्यांना म्हणाले, "हात गेला तरी हातचलाखी गेली नाही वाटतं?"

"तोंड सांभाळून बोल," सासरे म्हणाले. "मी आयुष्यात कधी खोटा डाव खेळलेलो नाही. आणि आमच्या जावयाकडे बघू नकोस. ते जुगाऱ्याला दारात उभं करत नाहीत. त्यांचे जादूचे पत्ते वेगळे, घरातले वेगळे."

जावई टॉवेलाकडे बघत राहिला. स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती, तिच्याकडे बघायचीही त्याला लाज वाटत होती. आणखी थोडं गप्प राहिलं तर सगळं म्हाताऱ्याच्या माथी जाणार होतं, आणि खरं सांगायचं तर क्षणभर तो गप्प राहिलाही. ती लाज सगळ्यांत मोठी होती.

"मी केलंय," तो म्हणाला. "बाबांना काही माहीत नव्हतं. त्यांच्या बऱ्यासाठी केलं."

शिंपी हसला, पोस्टमनने सासऱ्यांची पाठ थोपटली, चांगला जावई मिळाला म्हणाले, आणि चपला घालून दोघे लवकरच निघून गेले.

सासरे ओल्या पानांकडे बघत होते.

"जावईबापू, इतक्या दिवसांत एखादा तरी डाव माझा होता का?"

होते. कितीतरी वेळा एक्के-राजे हाती नसतानाही साध्या पानांवर म्हाताऱ्याने त्याला धूळ चारली होती, आणि तो मनोमन थक्क झाला होता.

"होते, बाबा. बरेच होते."

सासऱ्यांनी ओली पानं त्याच्याकडे सारली.

"हेही माझ्या बऱ्यासाठीच सांगताय ना?" ते म्हणाले, आणि भिंतीकडे वळले.