माप, पाप, बाप

आमच्या शिलाईच्या दुकानाची मालकीण, ताई, तिशीत ठार बहिरी झाली. ओठ वाचून गिऱ्हाईक सांभाळायची. पण माप, पाप आणि बाप हे तिन्ही शब्द ओठांवर सारखेच दिसतात. तिची वहिनी, म्हणजे दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसायलाच जन्मलेली बाई, दारात उभी राहून गोड हसत विचारायची, "हे पाप कधी टळायचं?" ताई म्हणायची, "माप? झालं की, उद्या न्या." मग वहिनी आणि तिचा नवरा पोट धरून हसायचे. मी काजं करता करता मनातल्या मनात दोघांच्या जिभेला टाके घालायचे.

हा नवरा, ताईचा सख्खा दादा, अकलेचा कांदा. डॉक्टरांनी ऑपरेशन करून कानात यंत्र बसवायचं सुचवलं तेव्हा म्हणाला, "या वयात कशाला? आणि नाही चाललं तर दुकान मला दे, भाड्याने लावतो." ताईने ओठ वाचले आणि "बरं" म्हणाली. झालं, दुकान पणाला लागलं.

यंत्राचा एक भाग कातडीखाली, दुसरा कानामागे अडकवलेला. ते सुरू करायच्या दिवशी दोघं नटूनथटून हजर. "ऐकू येतंय?" दादा ओरडला. ताई रडवेली झाली. "पत्र्यावर खडे पडल्यासारखं वाजतंय नुसतं." डॉक्टर सांगत होते, मेंदूला शिकायला काही महिने लागतात. पण ऐकतो कोण? खरी बहिरी ही दोघं. दादा लगेच भाडेकरू शोधायला लागला.

आम्ही दोघी शिकत राहिलो. मी तोंडासमोर अस्तराचं कापड धरून म्हणायचे, "माप." ताई म्हणायची, "बाप?" मी म्हणायचे, "पाप." ती म्हणायची, "माप?" चिडून कात्री आपटायची. "जाऊ दे, देऊन टाकते दुकान!" आणि कापड परत माझ्याच हातात कोंबायची.

एका दुपारी दादा भाडेकरूला घेऊन आला, मागोमाग वहिनी. ताई पाठमोरी कापड बेतत होती. वहिनी सवयीने हसली. "काय हो, हे पाप कधी टळायचं?"

ताई वळलीसुद्धा नाही. "माप नव्हे वहिनी, पाप. इतकी वर्षं हेच म्हणायचात ना?"

दादाला भाडेकरूला बाहेर काढायची एकदम घाई झाली. वहिनी पुटपुटली, "कानामागून आली आणि तिखट झाली."

"हेही ऐकलं. दार लावून घ्या जाताना."

दार लागलं तशी तिने कात्री खाली ठेवली आणि ओक्साबोक्शी रडली.

"आणि मी वेडी," ती म्हणाली, "त्यांना उद्या न्या, उद्या न्या म्हणत होते."