तेवीस नंबरच्या कॅनचे गाव

दूध संघाच्या शीतकरण केंद्राचे बोअर आटले आणि मला ध्यानीमनी नसताना सुट्टी मिळाली. कॅन धुवायलाच पाणी नाही म्हटल्यावर दूध घेणार कशात? साहेबांनी फाटकाला कुलूप ठोकले आणि पुढचा निरोप येईपर्यंत घरी बसा म्हणून सांगितले. घरी बसणे माझ्या स्वभावात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी बीडच्या स्टँडवर शिरूर कासारची एसटी धरली.

पिशवीत पंच्यात गुंडाळलेला लॅक्टोमीटर (दुधात सोडून त्याचा घट्टपणा मोजायची काचेची नळी) होता आणि एक चिठ्ठी. एकोणीस वर्षे मी या केंद्रात दूध तपासते. गावे मला कॅनच्या नंबरांनीच ठाऊक. तेवीस नंबरचे दूध मी दोनदा ‘पाणी मिसळलेले’ असा लाल शेरा मारून परत पाठवले होते. तिसऱ्यांदा परत गेले की त्या गावची दूध संस्था यादीतून कायमची जाते, असा नियम. केंद्र बंद झाले त्या दिवशी तेवीस नंबरच्या कॅनच्या कडीला चिठ्ठी बांधलेली निघाली, ‘पानी घातलं म्हणता तर येऊन बघा.’ खाली नाव होते, कौसाबाई, सचिव. माझे डोकेच फिरले. एकोणीस वर्षांच्या हाताला खोटे म्हणणारी ही कोण? बघतेच म्हटले.

कंडक्टरने तिकीट फाडताना विचारले, “शिरूरला कावून? समदी माणसं तर उसाला गेल्यात.”

“उरली आहेत त्यांना भेटायला,” मी म्हटले.

खिडकीतून पाहावे तिकडे उघडे रान होते. सिंदफणेच्या कोरड्या पात्रात एक म्हातारा शेळ्या चारत होता. तिथे चरण्याजोगे काय होते ते त्या शेळ्यांनाच माहीत. शिरूरला चहा घेतला आणि जीपने पुढे निघाले. जीपवाल्याने फाट्यावर उतरवले. तिथून वस्तीपर्यंत पायवाट. दहा पावले गेले नाही तोच चपलेची वादी तुटली. चप्पल हातात घेऊन, स्वतःवरच चरफडत चालत राहिले.

वस्तीतल्या निम्म्या घरांना कुलपे होती. दारांपुढे बोराटीच्या काटेरी फांद्या टाकलेल्या, मागे शेळ्या-कुत्री शिरू नयेत म्हणून. पहिल्या उघड्या दारात पन्नाशीची, उंच हाडाची एक बाई कडबा तोडत बसली होती. तिने आधी माझ्या पायांकडे पाहिले. मी केंद्राचे नाव सांगितल्यावर मात्र विळा खाली ठेवला.

“त्यो लाल शेरा तुमचाच का?”

“माझाच.”

“मंग बसा. आदी जेवा, मंग भांडू.”

हीच कौसाबाई. तिने ज्वारीची भाकरी आणि माडगे (हुलग्याच्या पिठाची पातळ कढी) वाढले. हात धुवायला पुढे घमेले सरकवले आणि हातावर तांब्याची नुसती धार धरली. ते पाणी तिने सांडले नाही, तसेच गाईपुढे नेऊन ठेवले. टँकर आठ दिवसांनी येतो म्हणाली. मी ते पाहिले, पण ताठा काही सोडला नाही.

संध्याकाळी धारेच्या वेळी मी बादली उपडी करून आतून पुसून पाहिली. कौसाबाई कासेपासून उठली.

“माज्या हातावर भरवसा ठिवू नका. तुमीच बसा.”

माझे माहेर चौसाळ्याचे. लहानपणी गाई पिळल्या होत्या, हात विसरले नव्हते. मी स्वतः धार काढली. ताजे दूध लगेच मोजता येत नाही, निवू द्यावे लागते. तेवढ्यात कौसाबाईने संस्थेची हकिगत सांगितली. वस्तीतल्या तेरा बायकांनी दुधावर घर चालवायचे ठरवले आणि तीन वर्षे कोयता (ऊसतोडीला जाणारे नवरा-बायकोचे जोडपे) म्हणून नाव दिले नाही. संस्था गेली तर पुढच्या हंगामात या तेरा दारांपुढेही बोराटी पडणार होती.

दूध निवले. मी नळी सोडली. ती बीडला जिथपर्यंत बुडाली होती तिथपर्यंतच बुडाली.

मी पुन्हा सोडली. तेच.

“पानी असतं तर दुदात कावून घातलं असतं, बाई?” कौसाबाई म्हणाली. “गाईला न्हाई का पाजलं असतं?”

नुसत्या कडब्यावर जगणाऱ्या गाईचे दूध पातळच निघते, हे मी शिकले होते. संशय आला तर गोठ्यात जाऊन समक्ष धार काढून ताडून बघावे, हाही नियमच आहे. उन्हातान्हात कोण जाणार म्हणून मी एकदाही गेले नव्हते. मला स्वतःची लाज वाटली. मग राग आला, आणि या खेपेला तो योग्य ठिकाणी आला. कागद मागून घेतला आणि लिहिले, ‘समक्ष धार काढली. पाणी नाही. आधीचे दोन्ही शेरे ही माझी चूक.’ खाली सही केली.

सकाळी निघताना कौसाबाईने तिच्या टायरच्या चपला माझ्यापुढे ठेवल्या. भांडण राहूनच गेले.

बीडला उतरून थेट साहेबांच्या घरी गेले. कागद वाचून ते म्हणाले, केंद्र बंद असताना तपासणीचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? एक शेरा मागे घेतला तर उद्या प्रत्येक गाव चिठ्ठी पाठवेल.

“पाठवू द्या, मी जाईन,” मी म्हटले.

“आणि संघाने तुम्हालाच काढलं तर?”

“मला धार काढता येते, साहेब.”

कागदावर सही मिळाल्याशिवाय मी ओट्यावरून उठणार नाही हे त्यांना दिसत होते. चहा झाला, वर्तमानपत्र वाचून झाले, शेवटी त्यांनी सही केली. दोन्ही शेरे रद्द, तेवीस नंबर यादीत कायम.

केंद्र अजून बंदच आहे. एकोणीस वर्षे एका टेबलामागे बसून मी अख्खा जिल्हा ओळखते असे समजत होते, आणि पाहिले मात्र एकच गाव. माझ्या वहीत लाल शेऱ्याचे आणखी नंबर आहेत. टायरच्या चपला मजबूत आहेत. वाद्या काही तुटत नाहीत.