तात्यांनी तपासलेला फोन

बाई दारातून आली ती डोकं फुटलेल्या अवस्थेत, आणि आल्या आल्या तिने माझ्या कानाखाली वाजवली. मारहाण झालेल्या बायकांच्या हेल्पलाइनवर नऊ वर्षं बसतेय मी, पण मार पहिल्यांदाच खाल्ला. "कपाटात लपून तीनदा फोन केला. कार्यालय बंद आहे म्हणे. तिकडे तो दार फोडत होता," ती म्हणाली आणि मटकन खाली बसली. फरशीवर रक्त सांडलं. सकाळचे अकरा वाजले होते आणि आम्ही चौघी नऊपासून फोनसमोरच होतो.

एकीने तिला दवाखान्यात नेलं, आणि मी तडक तात्यांना बोलावलं. तात्या आमचे फोनवाले. साठीला टेकलेले, कमी बोलणारे, एक स्क्रू ढिला दिसला तरी जेवण न जाणारे. आठवड्यापूर्वी त्यांनी आलेले फोन जोडून देणारा नवा सर्व्हर बसवला आणि आतल्याच फोनवरून लावून तपासला. तिथेच घात झाला. आतला फोन थेट वाजतो. बाहेरचा आला की सर्व्हर आधी कार्यालयाची वेळ बघतो. टेबलावरच्या फोनवर घड्याळ बरोबर, पण सर्व्हरमधल्या सॉफ्टवेअरचा टाइम झोन वेगळा, खोक्यातून आला तसाच, साडेपाच तास मागे. आमचे नऊ म्हणजे त्याचे पहाटेचे साडेतीन. दुपारी अडीचपर्यंत प्रत्येकीला 'कार्यालय बंद आहे'. आणि आम्ही निर्लज्ज, आठवडाभर चहा ढोसत म्हणत होतो, सकाळचे नवरे सुधारले वाटतं. आग लागो आमच्या तोंडाला.

तात्यांनी झोन बदलला, सॉफ्टवेअर पुन्हा सुरू केलं, आणि या वेळी रस्त्यावर जाऊन मोबाइलवरून लावून बघितला. वाजला. मग परतवलेल्या फोनांची यादी काढली, उलट फोन करायला. एका नंबरवर त्यांचं बोट थांबलं. अकरा वेळा आलेला, शेवटचा त्याच सकाळी. हा माझ्या मुलीचा, ते म्हणाले. लावला तर कुणी उचलेना.

तात्या आणि मी टॅक्सीने तिच्या घरी धावलो. दार सताड उघडं, जावई पसार, खुर्चीचे तुकडे, भिंतीवर रक्ताची बोटं. मुलगी न्हाणीघरात सापडली. एक डोळा सुजून बंद, हात कोपरातून भलतीकडेच वळलेला. पण जिवंत होती. तात्या तिच्यापुढे बसले आणि ढसाढसा रडले. म्हणाले, पोरी, मीच गं तुझा फोन बंद केला. पण मला का नाही केलास थेट?

तिने ओठावरचं रक्त पुसलं.

"केला होता, बाबा. दोन वर्षांपूर्वी. तुम्ही म्हणालात, जमवून घे."