आजीचं आधीचं नाव

मी निघाले त्या दिवशी नगरच्या स्टँडवर बाबांनी माझ्या पासपोर्टकडे बघितलंसुद्धा नाही. पुण्याची गाडी लागली तशी त्यांनी हातात एक निळी फाइल दिली. शाळेचा दाखला, जातीचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र, प्रत्येकाच्या चार-चार झेरॉक्स. "कागद सांभाळ. आपल्याला लोक कागद बघितल्याशिवाय ओळखत नाहीत," म्हणाले. मी ऑस्ट्रेलियात पर्थच्या युनिव्हर्सिटीत शिकायला चालले होते, तिथे या कागदांना कोण विचारणार? पण आयुष्य एसटी डेपोत मेकॅनिकी करण्यात घालवलेल्या माणसाशी वाद घालून उपयोग नसतो. फाइल बॅगेत सगळ्यात वर ठेवली.

आता मी कालगुर्लीत हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासते. तुम्ही मागे राहिलेले विचारता, सोन्याच्या खाणीच्या गावात राहतेस, एखादी बांगडी तरी केलीस का? अहो, सोनं खाणवाल्यांचं, आमच्या वाट्याला लाल धूळ.

कोविड आला आणि इथल्या आमच्या राज्याने दारं लावून घेतली. बाहेरचा आत येईना, आतला गेला तर परत कधी येईल याचा नेम नाही. बाबा तेव्हा ऐंशीला टेकलेले. रोज फोनवर ऑक्सिजनचा आकडा सांगायचे. एक दिवस आकडा न सांगताच म्हणाले, "सुजाता, माझी आई कोण होती, कुणाची होती, मला काहीच माहीत नाही बघ. जायच्या आधी कळलं तर बरं होईल."

त्यांची आई गेली तेव्हा ते चार वर्षांचे होते. तिचा फोटो नाही. घरात तिला गंगू म्हणत, आणि दाऊद नावाचा तिचा भाऊ गूळ घेऊन भेटायला यायचा, एवढंच आणि माहेरच्या गावाचं नाव त्यांच्या लक्षात. दाऊद हे बायबलातलं नाव, म्हणजे माहेर ख्रिस्ती. दुष्काळात तिच्या आईबापांनी बाप्तिस्मा घेतल्याचं भावकीत बोललं जायचं, तिचं लग्न मात्र गावकीतल्याच, ख्रिस्ती न झालेल्या घरात झालं. पुढे आमचं घर बौद्ध झालं आणि त्या चर्चचा विषय कायमचा मिटला.

मला बापाजवळ जाता येत नव्हतं. त्याची आई शोधणं मात्र हातात होतं.

लॅबमधल्या शेरिलला पूर्वजांचा छंद. इंग्लंडातल्या कुठल्याशा गावची पॅरिश रजिस्टरं आणि जुन्या जनगणना चाळून तिने सात पिढ्या काढल्यात, त्यात एक बकरीचोरही निघाला, त्याचा तिला फार अभिमान. "चर्चला विचार, मेट," ती म्हणाली, "चर्च सगळं लिहून ठेवतं." पूर्वज आम्हीही शोधतो, पण छंद म्हणून नाही, जात सिद्ध करायला. आमच्या वंशावळीत पणजोबा, आजोबा, बाप, मुलगा. बाई औषधालाही नाही. आमच्या तालुक्याची जुनी जनगणना ऑनलाइन सापडली. शेरिलच्या जनगणनेत माणसं नावानिशी. आमच्यात जातवार नुसत्या मुंड्या मोजलेल्या. मी लॅपटॉप आपटून बंद केला.

मग आजीच्या माहेरगावच्या चर्चचा नंबर मिळवला. तिथल्या निवृत्त शिक्षिका साळवेबाई तयार झाल्या. प्रार्थना बंद होत्या, त्यामुळे वेळच वेळ. त्यांनी तीन महिने रजिस्टरं पालथी घातली. "गंगू नावाची एकही मुलगी नाही गं," त्या खजील होऊन म्हणायच्या. तिकडे बाबांचा आवाज बारीक होत चालला होता.

"मेडन नेमने शोधलंस ना?" शेरिलने सहज विचारलं. मी तोऱ्यात समजावलं, "आमच्यात नुसतं आडनाव नाही, पहिलं नावसुद्धा बदलायचे. ताटात तांदूळ पसरून नवरा त्यावर बायकोचं नवं नाव लिहितो..." आणि तिथेच थांबले. स्वतःच्या लग्नात 'नाव बदलणार नाही' म्हणून सासूबाईंशी भांडलेली मी! आणि आजीला तीन महिने सासरच्या नावाने तिच्या माहेरात शोधत होते. इतकी लाज मला क्वचितच वाटली असेल.

साळवेबाईंना म्हटलं, गंगू सोडा, दाऊदची बहीण शोधा. दोन दिवसांत व्हॉट्सॲपवर फोटो आला. बाप, आई, मुलगा दाऊद, मुलगी रिबका, वय सहा. पूर्वीचे नाव: सारजा. पुढच्या रकान्यात जात. देव बदलला तरी तो रकाना काही रिकामा सुटला नव्हता.

तो फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत भावाचा फोन. "डिलीट कर! माझ्या पोरीची व्हॅलिडिटी अडकलीय. कुणी फोटो पुढे पाठवला तर? घरात ख्रिस्ती निघाले म्हणून दाखला नाकारतील."

"जात बापाकडून बघतात, मिलिंद. ही बापाची आई आहे."

"तुला तिकडे बसून बोलायला काय जातं?"

ते लागलं, कारण खोटं नव्हतं. खेटे तो घालत होता, मी नाही. तरी सांगितलं, "एका बाईचं नाव तीनदा पुसलं, बाप्तिस्म्यात, लग्नात आणि वंशावळीत. चौथ्यांदा माझ्या हातून पुसलं जाणार नाही. बाबा म्हणाले तरच काढीन."

बाबांनी ग्रुपवर कधी 'नमो बुद्धाय'च्या पुढे काही लिहिलं नव्हतं. त्या दुपारी त्यांचा व्हॉइस मेसेज आला. लॅबच्या पार्किंगमध्ये ऐकला. मधेमधे दम लागत होता. "मी सारजाचा मुलगा. ऐंशी वर्षं हे सांगता आलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. फोटो राहील. ज्याला अडचण असेल त्याने खुशाल ग्रुप सोडावा."

कोणी सोडला नाही. तासाभराने मिलिंदने नुसता अंगठा पाठवला. मी गाडीत बसून मनसोक्त रडले आणि मग शिफ्टला गेले.

बाबांना भेटायला पुढे बरेच महिने लागले. तोवर इथे कोणी 'घर कुठे' विचारलं की मी कधी नगर सांगायचे, कधी कालगुर्ली, कधी नुसते खांदे उडवायचे. आता गोंधळ होत नाही. जिथे सारजाचं नाव दबक्या आवाजात घ्यावं लागेल त्या जागेला मी घर म्हणणार नाही, मग ती नगरात असो की कालगुर्लीत.